एअरबॅगचा दिवा आधी, गिअरबॉक्सचे झटके नंतर

रत्नागिरीच्या एका शिक्षिका ताईंचा प्रश्न आहे. त्यांची छोटी एसयूव्ही सव्वादोन वर्षांची आहे. टर्बो पेट्रोल, ड्युअल क्लच ऑटोमॅटिक, सनरूफवाली, चाळीस हजार किलोमीटर झालेली. दर पंधरा दिवसांनी आंबा घाटातून माहेरी कोल्हापूरला येणं-जाणं असतं. तक्रारी त्यांनी ज्या क्रमाने लिहिल्या त्याच क्रमाने देतो. घाटात ट्रकमागे अडकलं की गिअरबॉक्स तापल्याचा संदेश येतो आणि गाडी झटके देते. रिव्हर्स टाकला की कधीकधी स्क्रीन काळी पडते. पावसाळ्यात सनरूफच्या कडेने पाणी येतं. एकदा मोकळ्या रस्त्यावर गाडीने आपणहून करकचून ब्रेक मारला. आणि सगळ्यात शेवटी एक ओळ: "अधूनमधून एअरबॅगचा दिवा लागतो, पण आपोआप जातो." सर्व्हिस सेंटरचं उत्तर दरवेळी एकच, "मॅडम, नॉर्मल आहे." मुलं आठ आणि चार वर्षांची. ताई विचारतात, गाडी विकू, कंपनीशी भांडू, की आहे तशी चालवू?

ताई, तुमची यादी खालून वर वाचायला हवी. जे तुम्ही जाता जाता लिहिलंय तेच पहिलं काम आहे.

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात माझं गॅरेज आहे. त्याआधी नऊ वर्षं कंपनीच्या वर्कशॉपमध्ये काढली, आता स्वतःच्या जागेत पंधरा वर्षं झाली. इतक्या वर्षांत एक गोष्ट सारखी दिसते. ज्या बिघाडाने माणूस वैतागतो त्याची तक्रार दहा वेळा होते, आणि ज्याने माणूस दगावू शकतो त्याची एकदाही धड होत नाही. झटका अंगाला जाणवतो, काळी स्क्रीन डोळ्यांत खुपते. एअरबॅग मात्र कामातून गेली तरी गाडी तशीच चालते, तसाच अ‍ॅव्हरेज देते. म्हणून तो छोटा दिवा मागे राहतो.

हा दिवा कसा वाचायचा ते सांगतो. इग्निशन ऑन केल्यावर तो काही सेकंद लागायला हवा आणि मग विझायला हवा. लागलाच नाही, तर कुणीतरी तो बंद केलाय असं समजा. अपघात होऊन गेलेल्या जुन्या गाड्यांत हा प्रकार मी स्वतः उघडून पाहिलाय, एअरबॅगच्या जागी नुसतं झाकण बसवलेलं. दिवा लागून राहिला, तर कंट्रोलरला, म्हणजे एअरबॅग सांभाळणाऱ्या छोट्या संगणकाला, दोष दिसलाय, आणि अशा वेळी एअरबॅग उघडेल यावर भरवसा ठेवता येत नाही. काही दोषांत एकच बाजू बंद होते, काहींत सगळी यंत्रणा. तुमच्यासारखा येऊन-जाऊन असला, तर बहुतेक वेळा एखादा जोड सैल आहे. एअरबॅगमधल्या स्फोटकाच्या तारेचा रोध साधारण दोन ओहम असतो. कंट्रोलर तो सतत मोजत राहतो. कनेक्टर जरा ढिला झाला, पिनेवर थोडा गंज चढला की आकडा वर जातो आणि दिवा लागतो. खड्ड्यात गाडी आपटली की जोड पुन्हा बसतो, दिवा विझतो. दिवा गेला म्हणजे दोष गेला असं नाही. टक्कर नेमकी कोणत्या क्षणी होईल आणि त्या क्षणी जोड बसलेला असेल की सुटलेला, हे कुणी सांगू शकत नाही.

गेल्या वर्षी जवळपास अशीच एक गाडी माझ्याकडे आली होती. सर्व्हिस सेंटरला तीन फेऱ्या झाल्या होत्या आणि तिन्ही वेळा स्कॅनर लावून कोड, म्हणजे कंट्रोलरने केलेली दोषाची नोंद, पुसून दिला होता. मी बॅटरीचं निगेटिव्ह काढलं, थोडा वेळ थांबलो आणि ड्रायव्हरची सीट पूर्ण मागे सरकवून टॉर्च घेऊन खाली झोपलो. एअरबॅगच्या वायरिंगचा कनेक्टर पिवळा असतो, त्यामुळे लगेच सापडतो. त्याच्या शेजारी, सीटच्या रुळात, मुलाच्या कंपासपेटीचं पत्र्याचं झाकण अडकलं होतं. सीट पुढे-मागे झाली की ती धार वायरीवर घासायची. पिवळ्या आवरणाला बोटाच्या पेराएवढी चीर पडली होती आणि आत तांबं चमकत होतं. कोड तीनदा पुसला गेला, पण सीटखाली एकदाही कुणी वाकून पाहिलं नव्हतं. आता तिथे आयतं सापडलं म्हणून तुम्ही स्वतः हात घालू नका. एअरबॅगच्या पिनांना मल्टिमीटर तर कधीच लावायचा नाही, मीटरच्या करंटने ती फुटू शकते. फक्त सीटखाली पाण्याच्या बाटल्या, छत्र्या, दप्तरं कोंबलेली नाहीत एवढं पाहा, आणि बाकीचं काम करणाऱ्याकडून करून घ्या.

सीटखाली काही सापडलं नाही, तर दुसरी जागा स्टिअरिंगच्या आत. तिथे क्लॉक स्प्रिंग नावाची गुंडाळलेली चपटी केबल असते, चाक फिरलं तरी एअरबॅगचा जोड तुटू नये म्हणून. ती तुटायला आली की बहुधा हॉर्न किंवा स्टिअरिंगवरची बटणंही रुसतात. तुमचा हॉर्न कधी दगा देतो का, हे आठवून सांगा, त्यावरून बरंच कळेल. आणि सीट कव्हर! गाडी घेतल्या घेतल्या आपल्याकडे कव्हर चढतंच. तुमच्या गाडीत साइड एअरबॅग असेल तर ती सीटच्या कडेच्या शिवणीतून बाहेर येते. जाड कव्हर ती अडवून धरतं. त्या बाजूची शिवण उसवेल अशी खास बनवलेली कव्हर मिळतात, ती घाला, नाहीतर काढून टाका.

ही भीती कागदी नाही. मारुतीने जानेवारी २०२३ मध्ये १७,३६२ गाड्या परत बोलावल्या, त्यांत ब्रेझा आणि ग्रँड विटाराही होत्या. दोष एअरबॅगच्या कंट्रोलरमध्ये असण्याची शक्यता होती, आणि पार्ट बदलेपर्यंत गाडी चालवू नका असं कंपनीने स्वतः मालकांना सांगितलं. इंजिन ठीक, ब्रेक ठीक, तरीही चालवू नका. बनवणारा स्वतः असं म्हणतो तेव्हा "नॉर्मल आहे" या उत्तराला काय किंमत द्यायची ते तुम्हीच ठरवा.

एक निकालही तुम्हाला माहीत असायला हवा. दिल्लीच्या एका ग्राहकाने २०१५ मध्ये ह्युंदाईची क्रेटा घेतली. नोव्हेंबर २०१७ मध्ये दिल्ली-पानिपत रस्त्यावर अपघात झाला, डोक्याला, छातीला, दातांना मार बसला आणि पुढच्या एअरबॅग उघडल्या नाहीत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. एप्रिल २०२२ मध्ये न्यायालयाने ग्राहकाच्या बाजूचा निकाल कायम ठेवला, तीन लाखांची भरपाई आणि गाडी बदलून देणं. धडकेचा जोर एअरबॅग उघडण्याइतका नव्हता, हा कंपनीचा बचाव टिकला नाही. वेग आणि बल यांची गणितं मांडायला ग्राहक काही भौतिकशास्त्राचा तज्ज्ञ नसतो, असं न्यायालयाने म्हटलं. माझ्या धंद्यातल्या माणसांनी हे वाक्य भिंतीवर लावावं असं आहे.

पण याची दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर तुमची दिशाभूल होईल. एअरबॅग उघडली नाही म्हणजे दरवेळी ती बिघडलेलीच असते असं नाही. मागून धडक बसली, गाडी कलंडली, किंवा उभ्या ट्रकच्या मागच्या बाजूखाली बॉनेट घुसलं, तर पुढच्या सेन्सरला हवा तसा मार बसत नाही आणि ती गप्प राहू शकते. शिवाय ती सीटबेल्टच्या पट्ट्याच्या जोडीने काम करण्यासाठीच बनवलेली असते. पट्टा न लावलेला माणूस फुगत्या एअरबॅगवर आदळला तर तीच त्याला इजा करते. मागच्या सीटचंही तेच. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले. गाडी महागडी जर्मन एसयूव्ही होती, ते मागे बसले होते आणि पट्टा लावलेला नव्हता. तुमची दोन्ही मुलं मागेच बसू देत, धाकट्याला आयसोफिक्सची, म्हणजे गाडीच्याच हुकांत अडकणारी, चाइल्ड सीट घ्या, थोरल्याला बूस्टर. आणि चालत्या गाडीत सनरूफमधून मुलांना उभं करणं, कितीही हट्ट केला तरी, नाही म्हणजे नाही.

आता गाडीने आपणहून मारलेला ब्रेक. तुमच्या यादीतली ही दुसरी गंभीर गोष्ट. समोर अडथळा दिसला की ब्रेक लावणारी यंत्रणा दोन डोळ्यांनी पाहते. एक कॅमेरा काचेवर आरशामागे, आणि पुष्कळ गाड्यांत एक रडार पुढच्या बंपरमध्ये किंवा जाळीमागे. तो रडार जरा वाकडा झाला किंवा झाकला गेला की वळणावरचा कठडा, बाजूला उभा ट्रक यांना तो आडवी आलेली गाडी समजतो. हा प्रकार फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत विनाकारण ब्रेक लागतो म्हणून मालकांच्या तक्रारी आल्या, आणि तिथल्या रस्ता सुरक्षा संस्थेने २०२२ मध्ये होंडाच्या सीआर-व्ही आणि अकॉर्ड मिळून सुमारे १७ लाख गाड्यांची चौकशी उघडली. सीआर-व्ही ही तिथली छोटी एसयूव्हीच.

मला तुमच्याकडून तीन गोष्टी कळायला हव्यात. पुढे गार्ड बसवलाय का? (तो तसाही नियमात बसत नाही. केंद्राने २०१७ च्या अखेरीलाच क्रॅश गार्डवर कारवाई करायला राज्यांना कळवलंय.) पुढचा बंपर कधी रंगवला किंवा काढून बसवला का? समोरची काच बदलली का? यातलं काहीही झालं असेल आणि त्यानंतर कॅमेरा-रडारचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्यांचा नेम पुन्हा जुळवणं, झालं नसेल, तर तिथूनच सुरुवात करायची. काच बदलणारे बरेच जण हे करत नाहीत, कारण त्यांच्याकडे ते यंत्रच नसतं. यातलं काहीच झालं नसेल तर नवं सॉफ्टवेअर आलंय का ते विचारा. तोवर ही यंत्रणा कायमची बंद करा असं मी सांगणार नाही. पुढचा अचानक थांबला तर तीच वाचवते. तिची संवेदनशीलता 'उशिरा' वर ठेवा, घाटात क्रूझ कंट्रोल लावू नका, आणि मागे ट्रक चिकटून येत असेल तर त्याला पुढे जाऊ द्या. विनाकारण लागलेल्या ब्रेकमध्ये खरा धोका मागून येणाऱ्याचा असतो.

सनरूफचं पाणी तुम्ही गैरसोय म्हणून लिहिलंय. कोकणातल्या पावसात ती गैरसोय राहत नाही. सनरूफ पाणी पूर्ण अडवतच नाही. कडेच्या पन्हाळीत पाणी येतं आणि चार कोपऱ्यांतल्या बारीक नळ्यांतून खाली जातं, अशीच ती रचना असते. नळीत धूळ, बारीक पानं, आंब्याचा मोहर साचला की पन्हाळ भरते आणि पाणी पुढच्या खांबाच्या आतून उतरून पायाखालच्या गालिच्यात शिरतं. त्याच वाटेवर खांबातली एअरबॅग, फ्यूज बॉक्स आणि वायरिंगचे मोठे जोड असतात. काळी पडणारी स्क्रीन आणि मधेच लागणारा एअरबॅगचा दिवा या दोन्हींचं मूळ पाण्यात असण्याची शक्यता मी नाकारत नाही. दिवा पावसाळ्यात जास्त लागतो का, आठवून पाहा.

हे घरी तपासता येतं. गाडी सपाट जागी उभी करा, सनरूफ उघडा आणि पन्हाळीच्या एका कोपऱ्यात अर्धा पेला पाणी हळूहळू ओता. थोड्याच वेळात त्या बाजूच्या चाकाजवळ किंवा दाराच्या बिजागरीपाशी थेंब पडायला हवेत. चारही कोपरे असेच बघा. पाणी तुंबलं तर गवत कापायच्या यंत्रात असते तशी नायलॉनची जाड दोरी हलक्या हाताने आत सरकवा. कॉम्प्रेसरची हवा मारू देऊ नका, जोराने नळी आतल्या आत निसटते आणि मग छताचं अस्तर उतरवावं लागतं. शेवटी पायाखालच्या गालिच्याचा कोपरा उचलून खालच्या फोममध्ये बोट दाबा. वरून कोरडं दिसणारं कापड खाली ओलंचिंब असू शकतं. तसं असेल तर गालिचा काढून वाळवल्याशिवाय पुढचं काही करू नका.

आता तुमची पहिली तक्रार, गिअरबॉक्स. हिला मी खाली ढकललं म्हणजे ती खोटी आहे असं नाही. ड्युअल क्लचमध्ये दोन क्लच असतात, आणि आपल्याकडच्या पुष्कळ छोट्या एसयूव्हींत ते कोरडे असतात, तेलात बुडालेले नसतात. कोरडा क्लच अ‍ॅव्हरेज छान देतो, पण घसटला की तापतो आणि ती उष्णता न्यायला तेल नसतं. साखरप्याहून वर चढताना पुढे उसाचा ट्रक किंवा टँकर आहे, तो माणसाच्या चालीने चाललाय आणि तुम्ही अ‍ॅक्सिलरेटरवर हलका पाय ठेवून गाडी रांगवताय, अशा वेळी क्लच सतत अर्धवट पकडीत राहतो. साध्या गिअरच्या गाडीत अर्ध्या क्लचवर चढ चढलात तर जळका वास येतो, तेच इथे होतं, फक्त वास येण्याआधी संदेश येतो. म्हणून रांगवू नका. थांबा, ब्रेक दाबून ठेवा, पुढे दोन-तीन गाड्यांइतकी जागा होऊ द्या, मग एकदम उठा. मॅन्युअल मोडमध्ये पहिला गिअर धरून ठेवा. चढावर गाडी अ‍ॅक्सिलरेटरने तोलून धरायची नाही, त्यासाठी ब्रेक किंवा ऑटो होल्ड (थांबल्यावर ब्रेक आपोआप धरून ठेवणारं बटण). संदेश आलाच तर सुरक्षित जागा बघून बाजूला घ्या, पी मध्ये टाका आणि इंजिन चालू ठेवून संदेश जाईपर्यंत थांबा.

एवढं करूनही फरक पडला नाही तर दोष तुमच्या पायात नाही. गिअरबॉक्सचे दोष कारखान्यातूनही येतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये ह्युंदाईने क्रेटा आणि व्हर्ना मिळून ७,६९८ गाड्या आणि कियाने ४,३५८ सेल्टोस परत बोलावल्या. त्या सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिक) गिअरबॉक्सच्या पेट्रोल गाड्या होत्या आणि संशय ऑइल पंपाच्या इलेक्ट्रॉनिक कंट्रोलरवर होता. तुमचा गिअरबॉक्स वेगळ्या जातीचा आहे, पण मुद्दा तोच. माझी रेघ साधी आहे. झटका बसतो पण गाडी पुढे जाते, ती कुरकुर. ओव्हरटेक करताना, चौकात किंवा रेल्वे फाटकात गाडीची ओढच जाते, ती सुरक्षेची तक्रार. असं एकदा जरी झालं असेल तर त्याच दिवशी लेखी द्या. पुन्हा होतंय का याची वाट बघू नका.

उतरतानाचं एक सांगून ठेवतो, कारण ऑटोमॅटिकवाले इथेच चुकतात. कोल्हापूरहून परत जाताना आंब्याच्या उतारावर डी मध्ये ठेवून नुसत्या ब्रेकवर उतरू नका. मॅन्युअलमध्ये दुसरा गिअर घ्या आणि इंजिनला गाडी धरू द्या. ब्रेक ऑइल हवेतलं बाष्प शोषून घेतं. डॉट-४ प्रतीचं कोरडं ऑइल २३० अंशांच्या खाली उकळत नाही, पण पाणी शोषलेल्या ऑइलची हमी १५५ अंशांचीच असते. ते उकळलं की पेडल मऊ होऊन तळाला जातं. दोन वर्षं झालीत आणि गाडी कोकणच्या हवेत राहते, तेव्हा ते बदलून घ्या. किरकोळ खर्चाचं काम आहे, आणि सर्व्हिसच्या यादीत ते हटकून राहून जातं.

स्क्रीनचं थोडक्यात. आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून रिव्हर्सचे सेन्सर सक्तीचे आहेत, कॅमेरा नाही. त्यामुळे काळी स्क्रीन इथे गैरसोयीत मोडते. सॉफ्टवेअर अपडेट करून घ्या, सेन्सरची पीप वाजते ना ते बघा आणि रिव्हर्स घेताना मान मागे वळवा. पण स्क्रीनबरोबर स्पीडोमीटरही विझत असेल किंवा एकदम चार-पाच दिवे लागत असतील, तर आधी बॅटरी तपासा. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.४ ते १२.६ व्होल्ट दाखवायला हवी, इंजिन चालू असताना साधारण १४ च्या आसपास. बॅटरी मरायला टेकली की गाडीतले कंट्रोलर एकमेकांशी नीट बोलत नाहीत आणि भलतेसलते दोष दाखवतात.

तुमच्या भावाच्या डिझेल गाडीचा डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, दिवा लागतो असंही तुम्ही ओझरतं लिहिलंय. ती गाडी शाळा-बाजार-घर एवढीच फिरत असणार. त्या फिल्टरमधली काजळी जळायला एक्झॉस्ट बराच वेळ गरम राहावा लागतो. पंधरवड्यातून एकदा हायवेवर वीस-पंचवीस मिनिटं सलग एका चालीत पळवायला सांगा. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं तर ते डिझेल मिसळल्याचं लक्षण आहे, तेव्हा गाडी लगेच दाखवायची. आणि फिल्टर काढून टाकतो म्हणणाऱ्या मेस्त्रीकडे जायचं नाही. ते बेकायदा आहे.

आता भांडायचं कसं ते सांगतो. तुमची खरी कमजोरी गाडीत नाही, कागदात आहे. दरवेळी तक्रार केली म्हणता, पण जॉबकार्डवर काय लिहिलंय? मला खात्री आहे, "जनरल चेकअप". तसं असेल तर कागदोपत्री तुम्ही एकदाही तक्रार केलेली नाही. पुढच्या वेळी जॉबकार्डवर तुमचे स्वतःचे शब्द लिहून घ्या: "अमुक तारखेला, इतक्या किलोमीटरवर एअरबॅगचा दिवा लागला, इतका वेळ राहिला." दिव्याचा फोटो काढून ठेवा, त्यात किलोमीटरचा आकडा दिसू दे. स्कॅनर लावला की कोड पुसण्याआधी त्याचा छापील कागद मागा. एकदा पुसला की पुरावा गेला, आणि पुढच्या मेस्त्रीला सुरुवातही पुन्हा शून्यापासून करावी लागते. सही करण्याआधी वाचा. "ग्राहकाचं समाधान झालं" असं लिहिलं असेल तर खोडा. त्यानंतर तेच सगळं कंपनीला ईमेल करा.

त्याच दिवशी आणखी एक काम. आरसीवर सतरा आकडी-अक्षरी चेसिस नंबर आहे, तो कंपनीच्या संकेतस्थळावर रिकॉलच्या पानावर टाकून बघा. रिकॉलचं काम फुकट असतं, वॉरंटी संपली असली तरी. गाडी सेकंडहँड असेल तर कंपनीचं पत्र जुन्या मालकाच्या पत्त्यावर गेलेलं असतं, म्हणून नंबर स्वतः टाकून पाहणं उत्तम. एप्रिल २०२१ पासून केंद्राला सदोष गाड्या परत घ्यायला कंपनीला भाग पाडता येतं. सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांसाठी तो नियम आहे, आणि मालकांच्या तक्रारी मोजूनच तो लागू होतो. म्हणून परिवहनच्या रिकॉल पोर्टलवर तुमची तक्रार नोंदवा. एकट्याच्या तक्रारीने काय होणार, असं वाटेल, पण मोजणी एकेकाचीच होते.

वॉरंटी किती उरलीय ते आजच बघा. तीन वर्षांची असेल तर नऊच महिने हातात आहेत. वाढीव वॉरंटी मूळ वॉरंटी संपण्याआधी घ्यावी लागते. ड्युअल क्लचच्या गाडीला ती घ्याच, एकट्या मेकॅट्रॉनिकचा, म्हणजे क्लच आणि गिअर हलवणाऱ्या युनिटचा, खर्च ऐकून छाती दडपते.

एवढं करूनही ऐकलं नाही तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. नंतर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने तुम्हाला तुम्ही राहता तिथे, म्हणजे रत्नागिरीतच, तक्रार दाखल करता येते, कंपनीच्या शहरात जावं लागत नाही. पन्नास लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा आयोग पुरतो. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, तेव्हा "बघू पुढच्या सर्व्हिसला" करत दिवस घालवू नका.

विकू का, हा तुमचा मूळ प्रश्न. आत्ता नको. एअरबॅगचा दिवा लागणारी गाडी विकली तर दुसऱ्याची मुलं त्यात बसतील, आणि हे न सांगता विकणं तुम्हाला जमणार नाही, तुमच्या पत्रावरून तेवढं कळतं. नवी गाडी पंचतारांकित घेईन असंही लिहिलंय. तारे चांगलेच, पण ते ठरलेल्या वेगाच्या धडकेत गाडीचा सांगाडा आणि एअरबॅग कशा वागल्या ते सांगतात. दोन वर्षांनी सीटखालची वायर घासेल का, हे ते सांगत नाहीत. २०१८ च्या नेक्सॉनचे पाच तारे आणि २०२२ मध्ये ग्लोबल एनकॅप या धडक चाचणी घेणाऱ्या संस्थेचे नियम कडक झाल्यावरचे पाच तारे, ही मापंही एक नाहीत.

तेव्हा या आठवड्यात एअरबॅग. तो दिवा निस्तरेपर्यंत घाट नको, माहेरी एसटीने या. सनरूफचं पाणी तपासणं घरी होईल. पुढच्या आठवड्यात रडारचं कॅलिब्रेशन आणि ब्रेक ऑइल. गिअरबॉक्ससाठी सर्व्हिस सेंटरच्या माणसाला शेजारी बसवून प्रत्यक्ष चढावर घेऊन जा, पार्किंगमध्ये फेरी मारून तो "नॉर्मल" म्हणेल ते मान्य करू नका. कोडचा छापील कागद हातात आला की त्याचा फोटो पाठवा. बी ने सुरू होणारा कोड असेल तर कोणत्या सीटचा की स्टिअरिंगचा, हे त्यावरूनच समजतं. यू ने सुरू होणारे, म्हणजे कंट्रोलर एकमेकांशी बोलत नसल्याचे, खूप असतील तर मी आधी बॅटरी आणि तो ओला गालिचा बघायला सांगेन.